कोऱ्या कागदावरचा अंगठा

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला अंगठ्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही. धरणात गेलेली शेतं, समृद्धी महामार्गात गेलेले तुकडे, शनिवार-रविवारी प्लॉट बघत फिरणाऱ्या मुंबईच्या गाड्या, आणि ‘आजोबांनी कुठल्याशा कागदावर अंगठा उठवला होता म्हणे’ अशी सुरुवात असलेले दावे हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरातल्या म्हाताऱ्यांची शिकवण एकच: आधी कागद वाचून घे, मग अंगठा. क्रिप्टोचं हार्डवेअर वॉलेट म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात उतरलं ते या अंगठ्यामुळे.

माझा भाचा आसनगावला राहतो आणि रोज कसारा लोकलने ठाण्याला नोकरीला जातो. गाडीत मोबाइलवर थोडं थोडं बिटकॉइन घ्यायची सवय त्याला तीनेक वर्षांपूर्वी लागली. १८ जुलै २०२४ ला ‘वझीरएक्स’ या भारतातल्या मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि तिथल्या ग्राहकांचे व्यवहार वर्षभराहून अधिक काळ अडकले. भाच्याचं खातं दुसरीकडे होतं, पण त्याची झोप उडाली. “मामा, ॲपवर दिसतो तो नुसता आकडा आहे. नाणी त्यांच्याकडेच आहेत,” तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पुढे त्याने बोटाएवढं एक यंत्र मागवलं आणि एका रविवारी मी सरळगाव-किन्हवली मार्गे त्याच्याकडे पोचलो.

पहिला गैरसमज नावापासून सुरू होतो. वॉलेट म्हटलं की पाकीट, आणि पाकिटात पैसे, असं वाटतं. या यंत्रात एकही नाणं नसतं. बिटकॉइनचा सगळा हिशेब एका सामाईक वहीत असतो आणि तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. कुठल्या पत्त्यावर किती नाणी आहेत, हे कुणीही उघडून पाहावं. ती हलवायला मात्र त्या पत्त्याची गुप्त किल्ली लागते. किल्ली म्हणजे एक प्रचंड आकडा. तो वापरून व्यवहारावर सही होते. हा आकडा मोबाइलमध्ये असेल, तर मोबाइलमध्ये शिरलेलं कुठलंही चोरटं ॲप तो उचलू शकतं. हार्डवेअर वॉलेट हा आकडा स्वतःच्या पोटात ठेवतं. कागद आत जातो, सही होऊन बाहेर येतो; अंगठा पेटीतून कधीच बाहेर पडत नाही. सगळी करामत एवढीच.

अशा यंत्रांपैकी पहिलं नाव घेण्याजोगं ‘ट्रेझर’. चेक प्रजासत्ताकातल्या प्रागच्या कंपनीने ते २०१४ मध्ये बाजारात आणलं. फ्रान्सची ‘लेजर’ही तेवढीच प्रसिद्ध. यंत्र कुठल्याही कंपनीचं घ्या, पण तिच्या साइटवरून किंवा तिने सांगितलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. सेकंडहँड तर नकोच. आणि डब्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड सापडलं, तर तो डबा तसाच परत करा. ते शब्द लिहिणारा तुमच्या पैशांची वाट बघत बसलेला आहे.

पार्सलचंही एक बघा. आमच्याकडे कुरिअरवाला नाक्यावरच्या किराणा दुकानात पार्सल टाकून जातो आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला खबर असते. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे पावणेतीन लाख ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर फुटले. पुढच्या वर्षी त्यांतल्या काहींना घरपोच ‘बदली यंत्र’ आलं, हुबेहूब डबा, सोबत कंपनीचं म्हणून पत्र. यंत्र बनावट होतं, शब्द टाका म्हणून सांगणारं. भाच्याने पार्सल ठाण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं होतं, हे मला आवडलं.

यंत्र लॅपटॉपला जोडलं, कंपनीचं ॲप तिच्या साइटवरून उतरवलं (गुगलवर सर्वांत वर येणाऱ्या जाहिरातीतून नव्हे), यंत्र अस्सल असल्याची तपासणी झाली. मग पिन. लेजरवर पिन तीनदा चुकला की यंत्र स्वतःला पुसून टाकतं; पहिल्या ट्रेझरवर १६ वेळांनंतर. पुसलं गेलं तरी घाबरायचं कारण नाही, कारण खरी ठेव पुढे येते.

यंत्राच्या पडद्यावर एकेक करून २४ इंग्रजी शब्द उमटू लागले. काही यंत्रं १२ देतात. याला सीड फ्रेज म्हणतात. २०१३ मध्ये ठरलेल्या एका प्रमाणानुसार २,०४८ शब्दांची ठरावीक यादी आहे. त्यातूनच हे शब्द येतात. शब्द आणि त्यांचा क्रम मिळून तुमच्या सगळ्या किल्ल्या तयार होतात. यंत्र भातसाच्या धरणात पडलं तरी हे शब्द नव्या यंत्रात भरले की सगळं परत. उलट यंत्र तिजोरीत असलं आणि शब्द दुसऱ्याच्या हाती लागले, तर पैसे गेले. त्याला पिनही लागत नाही. २४ शब्दांमागे दडलेल्या शक्यता मोजायच्या तर संख्या ७८ आकडी होते, त्यामुळे ते अंदाजाने कुणी ओळखणार नाही. चोराला ते आपणच देतो.

भाचा लिहीत होता, मी बघत होतो. सातव्या-आठव्या शब्दापाशी त्याची आई, म्हणजे माझी बहीण, चहा घेऊन आली आणि म्हणाली, “मराठीत लिहून ठेव रे, आम्हाला पण वाचता येईल.” माउलीचं म्हणणं रास्त होतं, पण इथेच मोठी गोम आहे. त्या यादीत ‘बरोबर’ या अर्थाचा राइट आहे आणि ‘लिही’ या अर्थाचाही राइट आहे. शांतता या अर्थाचा पीस आहे, तुकडा या अर्थाचाही आहे. देवनागरीत लिहिलं की दोन्ही एकच. दहा वर्षांनी कुठला होता, हे सांगायला कोण येणार? या प्रमाणात जपानी, कोरियन, स्पॅनिश, चेक अशा भाषांच्याही याद्या आहेत, मराठी-हिंदीची नाही. आणि बहुतेक यंत्रं देतात ती इंग्रजीच. तेव्हा रोमन लिपीत, सुट्ट्या ठळक अक्षरांत, क्रमांक घालून लिहायचं. यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नसतात, म्हणून चार अक्षरं स्वच्छ वाचता आली तरी काम भागतं.

शब्दांचा फोटो काढायचा नाही. मोबाइलमधला फोटो आपोआप गुगलच्या कपाटात जाऊ शकतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवायचे नाहीत, ईमेलच्या मसुद्यात ठेवायचे नाहीत, कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर टाइप करायचे नाहीत. कंपनीचा माणूस म्हणून फोन करून कुणी शब्द विचारले तर तो चोर. कंपनीला ते कधीच लागत नाहीत.

कागदाचं पुढे काय होतं, हे आमच्याकडच्या पावसाला विचारा. चार महिने ओल, त्यात वाळवी. जुन्या सातबाऱ्यांची वाळवीने केलेली जाळी मी पाहिली आहे. यावर जगभर पोलादी पट्ट्या विकल्या जातात, हजारो रुपयांना. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची चाल आहेच. भांड्यांच्या दुकानात विजेच्या पेनाने ‘सौ. अमुक यांजकडून’ कोरून देतात. भाच्याने तसलंच पेन विकत आणलं आणि स्टीलच्या दोन चपट्या झाकणांवर शब्द स्वतः कोरले. दुकानदाराकडून कोरून घेतले असते तर मुद्दाच संपला असता. अक्षरं वेडीवाकडी आली आहेत, पण पावसाला आणि वाळवीला पुरून उरतील.

त्यानंतर त्याने केलं ते बहुतेक लोक करत नाहीत, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची पायरी वाटली. एक्स्चेंजवरून अगदी थोडं, हजारेक रुपयांचं बिटकॉइन यंत्राच्या पत्त्यावर मागवलं. आलं. मग त्याने यंत्र मुद्दाम पुसून टाकलं, कोरं केलं आणि झाकणावरचे शब्द वाचून पुन्हा उभं केलं. एकोणिसाव्या शब्दात त्याने एक अक्षर चुकीचं कोरलं होतं. हजार रुपये असताना ते कळलं. पत्त्यावर सगळी बचत असती, तर माझ्या कपाळावर घाम आला असता. (काही भारतीय एक्स्चेंजवर नाणी बाहेर न्यायची सोयच नसते किंवा मर्यादा असते, यंत्र घेण्याआधी विचारून घ्या.)

आता पुन्हा अंगठ्याकडे. वझीरएक्सच्या चोरीत सह्या करणाऱ्यांकडे हार्डवेअर वॉलेट होती, तीही एक नव्हे. एकाहून अधिक सह्या झाल्याशिवाय पैसा हलू नये अशी रचना होती. कंपनीचं म्हणणं असं की पडद्यावर दिसत होता एक व्यवहार, सह्या घेतल्या गेल्या दुसऱ्यावर. चूक कुणाची, यावर वाद आहे. पण २१ फेब्रुवारी २०२५ ला ‘बायबिट’ या परदेशी एक्स्चेंजवर तोच प्रकार झाला आणि सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले. अमेरिकेच्या एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. बायबिटच्या प्रमुखाने सांगितलं की सही करताना यंत्राच्या पडद्यावर सगळा तपशील कळत नव्हता. या प्रकाराला इंग्रजीत ‘ब्लाइंड सायनिंग’ म्हणतात. आपल्याकडे त्याला केव्हापासूनच नाव आहे: कोऱ्या कागदावर अंगठा.

घरगुती पातळीवर याचा अर्थ सोपा आहे. लॅपटॉप काय दाखवतो त्यावर विश्वास नाही. यंत्राच्या छोट्या पडद्यावर दिसतो तोच पत्ता खरा. कॉपी-पेस्ट करताना पत्ता बदलणारी चोरटी सॉफ्टवेअर आहेत. काही चोर तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखी पहिली-शेवटची अक्षरं असलेला पत्ता बनवून त्यावरून शून्य रकमेचा व्यवहार पाठवतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही जुन्या यादीतून तोच उचलाल. सबब पत्ता मधूनही वाचायचा, अख्खा. कंटाळा येतो, हे कबूल.

किल्ली कुणाकडे, हा प्रश्न किती टोकाला जातो, याचं उदाहरण पुण्याचं आहे. ‘गेनबिटकॉइन’ घोटाळ्यात पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या. जप्त वॉलेटचा गुंता सोडवायला बाहेरचे तज्ज्ञ घेतले. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांतल्याच दोघांना, आरोपींची नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून अटक केली.

कराचं थोडक्यात. वॉलेट घरात आहे म्हणून कर चुकत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून नफ्यावर ३० टक्के आणि वर उपकर, शिवाय विक्रीवर १ टक्का टीडीएस; तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे चलन सरकारमान्य नाही, पण बाळगणं गुन्हाही नाही.

मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा. बँकेत नॉमिनी असतो, जमिनीला वारस नोंद होते, तलाठ्याकडे फेऱ्या मारून का होईना काम होतं. इथे भाच्याला उद्या काही झालं तर कायद्याने वारस असूनही त्याच्या आईच्या हाती काही नाही. त्याने घरच्या कागदपत्रांत एक पत्र ठेवलं आहे: असं यंत्र आहे, झाकण कुठे आहे, कुणाला विचारायचं. शब्द त्यात नाहीत. काही जण २४ शब्दांवर स्वतःचा आणखी एक गुप्त शब्द लावतात. तो विसरला की झाकण असूनही कुलूप उघडत नाही, म्हणून मी त्याला नको म्हटलं. अर्धे शब्द इथे, अर्धे तिथे हेही नको. एक अर्धं हरवलं की दुसरं भंगार.

दुसरं झाकण पाकिटात घालून, लाख लावून, त्याने माझ्याकडे मुरबाडला ठेवलं. म्हणजे मनात आणलं तर मी त्याचा पैसा घेऊ शकतो, हे त्याला ठाऊक आहे. गणपतीला आला की आरतीनंतर हळूच विचारतो, “मामा, ते बघू जरा.” मी पाकीट आणून देतो. तो उजेडात धरून लाखेला तडा गेलाय का बघतो आणि परत माझ्या हातात देतो.