शुक्र (ग्रह)

शुक्र हा सूर्यापासूनच्या अंतरानुसार सूर्यमालेतील दुसरा ग्रह असून बुध, पृथ्वी व मंगळ यांच्याप्रमाणेच तो खडकाळ ग्रह आहे. सूर्य आणि चंद्र वगळता आकाशात सामान्यतः तोच सर्वाधिक तेजस्वी दिसतो. पृथ्वीवरून पाहताना तो सूर्यापासून ४७ अंशांहून फार दूर जात नाही. त्यामुळे पहाटे पूर्वेस किंवा सायंकाळी पश्चिमेसच आढळतो. मराठीत त्यास 'शुक्राची चांदणी' म्हणतात, मात्र तो तारा नव्हे.

शुक्राचा व्यास १२,१०४ किमी असून वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१.५ टक्के आहे. आकारमानातील या साम्यामुळे त्यास पृथ्वीचे जुळे भावंड म्हटले जाते. हे वर्णन याहून पुढे लागू पडत नाही. तो सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा २२४.७ दिवसांत, तर स्वतःभोवतीची फेरी २४३ दिवसांत आणि तीही उलट दिशेने पूर्ण करतो. परिणामी तेथे सूर्य पश्चिमेस उगवतो व दोन सूर्योदयांमध्ये पृथ्वीवरील सुमारे ११७ दिवस लोटतात. शुक्रास उपग्रह नाही.

वातावरण

वातावरणात सुमारे ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड असून उर्वरित भाग मुख्यतः नायट्रोजनचा आहे. पृष्ठभागावरील दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट, म्हणजे समुद्रात जवळपास ९०० मीटर खोलीवर असतो तितका आहे. सल्फ्युरिक आम्लाचे दाट ढग सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग परावर्तित करतात. ग्रहाच्या तेजस्वीपणाचे कारण हेच. तरीही पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे ४६४ अंश सेल्सिअस, म्हणजे सूर्याच्या अधिक जवळ असलेल्या बुधापेक्षाही जास्त आहे, कारण आत पोहोचलेली उष्णता कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ देत नाही. वातावरणातील जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या तुलनेत शंभरपटींहून अधिक आहे. यावरून शुक्रावर पूर्वी बरेच अधिक पाणी होते व त्यातील हलका हायड्रोजन अवकाशात निसटला, असे मानले जाते.

पृष्ठभाग

ढगांमुळे पृष्ठभाग दुर्बिणीतून दिसत नाही. १९९० ते १९९४ या काळात अमेरिकेच्या मॅगेलन यानाने रडारच्या साहाय्याने त्याचा ९८ टक्के भाग नकाशाबद्ध केला. त्यापूर्वी सोव्हिएत संघाची याने तेथे उतरली होती. त्यांपैकी व्हेनेरा १३ हे १९८२ मध्ये १२७ मिनिटे तग धरून राहिले. या यानांच्या रासायनिक तपासण्यांत तेथील खडक बहुतांशी बेसॉल्टसदृश आढळले. कामतघर, भिवंडी आणि एकूणच पश्चिम महाराष्ट्राच्या जमिनीखालील काळा दगड याच प्रकारचा आहे; दोन्हीकडे तो लाव्हारस थिजून बनला.

शुक्रावर आघातविवरे केवळ हजाराच्या आसपास आहेत. यावरून सध्याचा पृष्ठभाग काही दशकोटी वर्षांचा, म्हणजे ग्रहाच्या वयाच्या मानाने तरुण ठरतो. लहान उल्का दाट वातावरणातच नष्ट होत असल्याने छोटी विवरे जवळपास नाहीतच.

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या संकेतानुसार येथील स्थळांना स्त्रियांची वा देवतांची नावे दिली जातात. सर्वोच्च पर्वतरांग मॅक्सवेल हा या संकेताला अपवाद आहे. ती लक्ष्मी पठारालगत आहे. सुमारे ३४ किमी व्यासाच्या 'जोशी' विवरास डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे नाव आहे. भिवंडीपासून खाडीपलीकडच्या कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली.

भारताच्या शुक्र परिक्रमा मोहिमेस केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली.