परदेशी पगाराच्या हिशेबात मोकळिकीचा रकाना

इचलकरंजी : यंत्रमागावर काम करणाऱ्याचे मालकाशी पटले नाही, तर तो काम सोडून पलीकडच्या गल्लीतील कारखान्यात पाळी धरतो. त्यासाठी त्याला जुन्या मालकाचे पत्र लागत नाही. आगाऊ उचल घेतली असेल तर गोष्ट निराळी. पण तो बंध पैशाचा आहे, कायद्याचा नव्हे. हाच माणूस आखातातील एखाद्या कारखान्यात फिटर म्हणून जाण्याचा विचार करू लागतो, तेव्हा घरात चर्चा होते ती पगाराची, राहण्या-जेवणाच्या सोयीची आणि दोन वर्षांनी मिळणाऱ्या सुटीची. तेथे गेल्यावर नोकरी सोडता येईल का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः तो पगाराच्याही आधी विचारावयास हवा.

आखाती देशांत परकीय कामगाराचे वास्तव्य 'कफाला' नावाच्या पद्धतीने बांधलेले असे. कफील म्हणजे जामीनदार. व्यवहारात तो मालकच. कामगाराचा व्हिसा त्याच्या नावाशी जोडलेला. नोकरी बदलावयाची तर त्याचे ना-हरकत पत्र हवे आणि काही देशांत मायदेशी परतण्यासाठीही त्याचीच परवानगी हवी. गेल्या काही वर्षांत ही चौकट बरीच सैल झाली आहे. कतारने २०१८ ते २०२० या काळात देश सोडण्याच्या परवान्याची अट बहुतेक कामगारांसाठी रद्द केली आणि २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी ना-हरकत पत्राची अटही काढली. ओमानने ही अट जानेवारी २०२१ पासून उठवली. सौदी अरेबियातील बदल मार्च २०२१ पासून अमलात आले; मात्र घरकामगारांना त्यांतून वगळण्यात आले. याउलट कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परकीय कामगारांना देशाबाहेर जाताना मालकाच्या संमतीचा परवाना आवश्यक केला. म्हणजे आखात हा एक देश नव्हे, आणि पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याचा अनुभव आज जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

कायदा बदलला तरी मालकाच्या हाती एक अस्त्र उरते. कामगार पळून गेल्याची नोंद त्याने केली, की त्या कामगाराचे वास्तव्यच बेकायदा ठरण्याचा धोका असतो. सौदीत याला 'हुरूब' म्हणतात. थकलेला पगार मागणाऱ्याविरुद्धही अशी नोंद केली जाते, ही तक्रार जुनी आहे.

भारत सरकारनेही या वर्गाच्या जाण्यावर एक बंधन ठेवले आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः स्थलांतर-परवानगी आवश्यक असल्याची नोंद असते आणि आखाती देश, मलेशिया, इराक, जॉर्डन आदी १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी त्यांना स्थलांतरित संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. ही तरतूद १९८३ च्या स्थलांतर कायद्यातील आहे. अभियंता विमानात बसून निघून जातो आणि दहावी नापास जॉबरला मात्र सरकारला विचारावे लागते, हा भेद खटकण्याजोगा आहे खरा. परदेशगमनाचा अधिकार हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच सांगितले होते. तथापि या मंजुरीमुळे नोकरीचा करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि विमा उतरवला जातो. ही कटकट टाळण्यासाठी पर्यटक व्हिसावर पाठवू असे सांगणारा दलाल कामगाराचे हे कवचच काढून घेत असतो. नोंदणीकृत दलालाला कामगाराकडून ३० हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते.

इचलकरंजीच्या माणसाला आणखी एका गोष्टीची सवय आहे: संपाची. २०१३ साली मजुरीवाढीसाठी येथील यंत्रमाग कामगारांचा संप दीर्घकाळ चालला. मोर्चे निघाले, गावात मतभेद झाले. पण संपात उतरला म्हणून कोणाला देशाबाहेर काढता येत नव्हते. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने दिलेले आहे आणि ते नागरिकांसाठी आहे. सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातीत स्वतंत्र कामगार संघटनांना वाव नाही. कामबंद आंदोलनात सापडलेल्या परकीयाला मायदेशी धाडले जाऊ शकते. अमिरातीत अफवा व समाजमाध्यमांवरील मजकुरासंबंधी २०२१ चा कायदा कडक आहे. गावाकडच्या गटात आलेला संदेश न वाचता पुढे पाठविण्याची सवय तेथे महागात पडू शकते. शिस्तीबद्दल वाखाणल्या जाणाऱ्या सिंगापुरातही परकीयाने सार्वजनिक निदर्शनांत भाग घेणे गुन्हा ठरू शकतो. आणि आई-वडिलांबरोबर तेथील कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळालेल्या मुलाला वयात आल्यावर दोन वर्षे सक्तीची लष्करी वा तत्सम सेवा करावी लागते. मुलाच्या शाळेची चौकशी करताना ही माहितीही काढलेली बरी.

डीकेटीईसारख्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या अभियंत्यांपुढचा प्रश्न वेगळ्या रूपाचा आहे. अमेरिकेत बोलण्याचे स्वातंत्र्य मोठे, पण एच-वन-बी व्हिसाही नोकरीशीच बांधलेला. नोकरी गेली, तर नवा मालक शोधण्यासाठी वा अन्य व्यवस्था करण्यासाठी साधारण ६० दिवस मिळतात. सोबत गेलेल्या पत्नीला तर २०१५ पूर्वी नोकरी करण्याची मुभाच नव्हती; त्यानंतरही पतीच्या ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यावर पोहोचली असेल तरच ती मिळते. एकाच देशात जन्मलेल्यांना दरवर्षी सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे न देण्याच्या नियमामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. येथे स्वतःचे उत्पन्न असलेल्या उच्चशिक्षित मुलीने तेथे प्रत्येक खर्चासाठी नवऱ्याकडे पाहावे, ही अवस्था स्थळ पाहताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी १९१३ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि ब्रिटिश जीवनाविषयीची आपली निरीक्षणे पुढील वर्षी इंग्रजी पुस्तकातून मांडली. त्याच १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. जहागीरदार येथेही जहागीरदारच होते आणि तिकडे सन्माननीय पाहुणे. आंबेडकरांना मात्र अमेरिकेतील व इंग्लंडमधील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा विसर पडला होता. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यास आल्यावर राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवसही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. ज्या आठवणींत त्यांनी हे लिहिले त्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध झाल्या. परकीय भूमीत अधिक मोकळा श्वास घेता येतो आणि स्वतःच्या देशात तो कोंडतो, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागणार नाही. घर भाड्याने देताना आजही आडनाव विचारले जाते. रात्रपाळीहून एकटी परतणारी तरुणी, जातीबाहेर लग्न केलेले जोडपे यांच्या दृष्टीने 'तिकडे कोणी विचारीत नाही' हा साधा लाभ नव्हे.

नागरिकत्वाचा प्रश्न शेवटी येतो, पण तोच सर्वांत कायमचा. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वास मोकळीक दिली. भारताच्या कायद्यात ती नाही. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर येणे-जाणे व राहणे सुलभ होते, मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. शिरोळ, हातकणंगल्यात वडिलोपार्जित शेती असलेल्या कुटुंबांसाठी हा तपशील किरकोळ नाही. वारसाने आलेली शेती राहते. शेजारचा तुकडा जोडून घेता येत नाही. भारतीय नागरिक राहून परदेशात नोकरी करणाऱ्याला २०१० च्या दुरुस्तीनुसार मतदारयादीत नाव नोंदवता येते, पण मत देण्यासाठी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतःच्या गावातील केंद्रावर हजर व्हावे लागते.

आणि हा पासपोर्ट कोणाजवळ राहणार, हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार तो भारत सरकारची मालमत्ता असतो. 'सुरक्षिततेसाठी' तो कपाटात ठेवून घेण्याची प्रथा आखातातील अनेक मालकांत आहे. तेथील कायद्यांनीही ती बहुतेक ठिकाणी बेकायदा ठरवली आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराची एकेक प्रत घरी ठेवून जावी. तिकडे अडचण आली, तर त्या प्रतींच्या आधारे घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या ऑनलाइन सेवेवर इचलकरंजीतूनच तक्रार नोंदवता येते.