छोटी गाडी, घरची वीज

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि आपल्या मध्यमवर्गाचे गाडीशी नाते जुळले. ही गाडी मुळात जपानची. सुझुकी कंपनीची ज्या वर्गातली गाडी थोडे फेरफार करून आपल्याकडे आली, त्या वर्गाला जपानीत ‘केई’ म्हणतात. केई म्हणजे हलकी. तिथे त्या वेळी अशा गाडीच्या इंजिनावर साडेपाचशे सीसीची मर्यादा होती. आपल्याला मिळाले ते ७९६ सीसीचे. आईवडील पुढे, तीन मुले मागे, आजी मधे आणि डिकीत पाण्याचा कॅन, असा आपला संसार तिने वर्षानुवर्षे वाहिला. त्याच वर्गातल्या गाड्या आता विजेवर धावू लागल्या आहेत. नाशिकसारख्या शहरातल्या कुटुंबाला त्या कितपत मानवतील, ते पाहू.

केई गाडीची मापे जपानी सरकारने आखून दिली आहेत. लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसी. यापेक्षा बोटभर जास्त झाले तरी ती केई राहत नाही. या मापात बसणाऱ्या गाडीला कर कमी, विमा स्वस्त आणि नंबरपट्टी पिवळी. जपानमध्ये मोठी गाडी घ्यायची तर ती ठेवायला घराजवळ जागा आहे, असा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. १९६२ पासूनचा हा कायदा आहे. केई गाडीला खेडोपाडी त्यातून सवलत मिळते. आपल्याकडे हा कायदा आला तर कॉलेज रोडवरच्या निम्म्या गाड्या कुठे जातील, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जपानी कुटुंबात ही गाडी काय काम करते, हे समजून घेतले की पुढचे कोडे सुटते. प्राथमिक शाळेतली मुले तिथे बहुधा गटागटाने पायी शाळेत जातात, त्यामुळे शाळेच्या दाराशी गाड्यांची रीघ नसते. लांबच्या प्रवासाला रेल्वे आहे. मग उरते काय? धाकट्याला पाळणाघरात सोडणे, नवऱ्याला पावसात स्टेशनवर पोचवणे, आठवड्याचा बाजार, सासूबाईंना दवाखान्यात नेणे. दिवसाकाठी वीस-तीस किलोमीटर. गावाकडे घरात दोन गाड्या असतात, त्यातली धाकटी केई आणि ती बहुतेक वेळा घरातली बाई चालवते.

या धाकट्या गाडीची जागा २०२२ साली निसानच्या ‘साकुरा’ने घेतली. पूर्ण विजेवर चालणारी ही केई. बॅटरी फक्त २० युनिटांची, एका दमात १८० किलोमीटर, आणि घरी रात्रभर म्हणजे साधारण आठ तासांत पुरी भरते. इतक्या लहान बॅटरीची गाडी कोण घेणार, असे अनेकांना वाटले होते. प्रत्यक्षात जपानमध्ये सर्वाधिक खपणारी विजेची गाडी तीच ठरली. याला एक कारण असे आहे, जे बाहेरच्या माणसाला सहज सुचत नाही. जपानच्या खेड्यांतले पेट्रोल पंप बंद पडत आहेत. १९९४ च्या सुमारास देशात साठ हजारांवर पंप होते, आज त्याच्या निम्मेही उरलेले नाहीत. पेट्रोल भरायलाच दहा-पंधरा किलोमीटर जावे लागत असेल तर घरच्या भिंतीतला प्लग हाच जवळचा पंप. मोठी बॅटरी म्हणजे मोठे वजन आणि मोठी किंमत. रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याने ती उगाच कशाला वाहायची?

तरी गैरसमज नको. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या एकूण मोटारींत पूर्ण विजेच्या गाड्या अजून शंभरात दोनच्या आसपास आहेत. शहरातल्या इमारतींत चार्जिंगची सोय नाही आणि पेट्रोल-वीज मिश्रणावर चालणाऱ्या हायब्रिड गाड्यांवर लोक खूष आहेत. म्हणजे विजेची गाडी तिथेही सर्वांची नाही. ज्या घराला अंगण आहे आणि दुसरी गाडी आहे, त्या घराची ती आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. बंगळुरूची ‘रेवा’ २००१ साली रस्त्यावर आली. पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन लहान मुले, शिसे-आम्लाच्या जड बॅटऱ्या आणि ऐंशी किलोमीटरची धाव. लंडनमध्ये ती ‘जी-विझ’ नावाने बरी चालली. आपल्याकडे तिच्याकडे खेळणे म्हणूनच पाहिले गेले. काही वर्षांनी बॅटऱ्यांचा संच बदलण्याचा खर्च समोर उभा राही, आणि विजेची गाडी म्हणजे बॅटरीचा घोर, ही समजूत तेव्हापासून बसली ती अजून पुरती उठलेली नाही. २०१० साली महिंद्राने ती कंपनी घेतली. आता लिथियमच्या बॅटऱ्या आल्या, त्या हलक्या आहेत आणि त्यांवर आठ-आठ वर्षांची हमी मिळते. २०२२ ची टाटा टियागो ईव्ही किंवा २०२३ ची तीन मीटरपेक्षाही आखूड एमजी कॉमेट ही त्याच घराण्यातली पुढची पिढी म्हणता येईल. कॉमेटची बॅटरी १७.३ युनिटांची, साकुरापेक्षाही लहान.

आता नाशिकचा हिशेब मांडू. समजा इंदिरानगरमधले कुटुंब आहे. सातपूरला नोकरी, गंगापूर रोडला मुलांचा क्लास, पंचवटीत माहेर. दिवसाला पंचवीस किलोमीटर, महिन्याला साडेसातशे. छोटी विजेची गाडी, एसी आणि गर्दी धरून, एका युनिटात सात किलोमीटर जाते असे समजा. कंपनी सांगते त्यापेक्षा हा आकडा कमी आहे, आणि तो कमीच धरावा. म्हणजे महिन्याला सुमारे १०७ युनिट. इथे खरी गोम आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: शंभरपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. ज्या घराचे बिल आधी १८० युनिटांचे होते, ते २८७ वर जाऊन दुसऱ्याच टप्प्यात राहते. पण ज्या घरात आधीच अडीचशे युनिट जळतात, ते ३५७ वर पोचते आणि वरचे ५७ युनिट चढ्या दराने पडतात. शेजाऱ्याची गाडी किलोमीटरला दीड रुपयात जाते आणि आपली दोन-सव्वादोन रुपयांत, असे एकाच मजल्यावर घडू शकते. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसा, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत, दरात काही सवलत मिळू लागली. पण त्या वेळी नोकरदाराची गाडी ऑफिसच्या आवारात असते. निवृत्त माणसाला मात्र तिचा लाभ घेता येतो.

पेट्रोलने हेच अंतर, लिटरला पंधरा किलोमीटर आणि शंभर-पाच रुपयांचा भाव धरला, तर सात रुपये किलोमीटर पडते. वाचले किलोमीटरमागे पाच, महिन्याला पावणेचार हजार, वर्षाला पंचेचाळीस हजार. विजेची गाडी घेताना दोन-सव्वादोन लाख जास्त मोजले असतील तर ते फिटायला पाच वर्षे. दिवसाला दहाच किलोमीटर फिरणाऱ्याला मात्र बारा-तेरा वर्षे लागतील. त्याने पेट्रोलचीच जुनी गाडी जपून वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गंमत अशी की विजेची गाडी कमी फिरणाऱ्यांसाठी, असा समज सगळीकडे आहे. हिशेब त्याच्या उलट सांगतो. रोज फिरा, पण रोज फार लांब जाऊ नका, असे तिचे म्हणणे.

चार्जिंगला वेगळे काही लागते का? गिझरला असतो तो मोठा, सोळा अँपिअरचा प्लग छोट्या गाडीला पुरतो. सात-आठ तासांत बॅटरी भरते. मात्र वायर जाड हवी आणि अर्थिंग खरे हवे. आपल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाला कितीदा काहीच जोडलेले नसते, हे वायरमनला विचारा. प्रश्न वायरीपेक्षा सोसायटीचा जास्त असतो. पार्किंगमधला प्लग कोणाच्या मीटरवर? पाऊस आत आला तर? तळमजल्याच्या सभेत हे विषय तासन् तास चालतात. आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर ओढून घेणे हा सरळ मार्ग. बंगलेवाल्याला यातले काहीच भोगावे लागत नाही. जपानसारखेच इथेही अंगण असलेल्याचे काम सोपे.

लांबच्या प्रवासाचे काय? मुंबई नाशिकहून १६५-१७० किलोमीटर. छोट्या गाडीला वाटेत थांबून चार्ज करावेच लागेल. तरी कसारा घाटाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विजेची गाडी उतारावर लागली की तिची मोटार उलटे काम करते, जनित्र बनते. चाके तिला फिरवतात, ती वीज तयार करून बॅटरीत टाकते आणि गाडीचा वेगही आवरते. हजार किलोची गाडी तीनशे मीटर खाली उतरली तर गणिताने पाऊण-एक युनिट ऊर्जा सुटते. त्यातली निम्मी-अर्धी हाती लागली तरी तीन-चार किलोमीटरची सोय. परतीच्या चढाला त्याहून जास्त खर्च होतो, हेही ओघाने आले. नाशिक रोडच्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही. १९२८ च्या सुमारास जीआयपी रेल्वेने मुंबईच्या दोन्ही घाटांसाठी जी विजेची इंजिने आणली, ज्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत, ती घाट उतरताना हेच करीत आणि वीज तारेत परत पाठवीत. मोटारीला हे साधायला बरीच वर्षे लागली, कारण तिच्या डोक्यावर तार नव्हती. साठवायला चांगली बॅटरी हवी होती.

तरीही वर्षातून चार वेळा मुंबई आणि एकदा कोकण, यासाठी मोठी बॅटरी घेऊन फिरण्यापेक्षा मुंबईला पंचवटी एक्स्प्रेसने जावे. १९७५ पासून ती हेच काम करते आहे. त्र्यंबकेश्वर, सिन्नर, वणी ही अंतरे छोट्या गाडीच्या आवाक्यातली आहेत.

धुराचा मुद्दा सांगायला हवा. गाडी धूर सोडत नाही हे खरे, पण वीज येते कुठून? एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुरांडी नाशिककरांनी पाहिलेली आहेत. कोळशावरचे २१० मेगावॉटचे तीन संच. आपल्या देशात एक युनिट वीज तयार होताना सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन वायू सुटतो. सात किलोमीटरला एक युनिट, म्हणजे किलोमीटरला शंभर ग्रॅम. लिटरभर पेट्रोल जळताना २.३ किलो सुटतो; पंधराने भागले तर दीडशे ग्रॅम. फरक आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर गोष्ट वेगळी. मेन रोड-भद्रकालीच्या बोळांत चालणाऱ्याच्या नाकाला मात्र फरक लगेच कळतो.

आणि या शहरापुरता सर्वांत मोठा प्रश्न कारखान्यांचा आहे. ‘मायको सर्कल’ला ज्या कारखान्यावरून नाव पडले, त्या मायकोने (२००८ पासून तिचे नाव बॉश) नाशिकच्या दोन पिढ्या पोसल्या त्या डिझेल इंजिनांच्या नोझल आणि इंजेक्टरवर. केसापेक्षा बारीक भोके पाडण्याचे, मायक्रॉन मोजण्याचे कसब इथल्या कामगारांच्या हातात आले. सातपूर-अंबडच्या लहान लहान शेडमधून इंजिनाचे भाग निघतात. विजेच्या गाडीला नोझल नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, क्लच नाही. महिंद्राची एक्सयूव्ही ४०० ही विजेची गाडी २०२३ पासून नाशिकच्याच कारखान्यातून निघू लागली हे खरे, पण गाडी इथे जोडली म्हणून तिची बॅटरी आणि सेल इथल्या शेडमध्ये बनतात असे नाही. तिला लागते ते मोटारीचे गुंडाळकाम, तांब्याच्या पट्ट्या, अ‍ॅल्युमिनियमचे ओतकाम, थंड ठेवण्याच्या नळ्या आणि इलेक्ट्रॉनिक पट्ट्या. यातले गुंडाळकाम जिल्ह्याला परके नाही. एकलहऱ्याजवळ रेल्वेच्या कारखान्यात १९८१ पासून इंजिनांच्या भल्यामोठ्या विद्युत मोटारी उघडून, दुरुस्त करून परत पाठवल्या जातात. दहावीनंतर आयटीआयचा अर्ज भरायला आलेले पालक आजही ‘मेकॅनिक डिझेल’ घेऊ का म्हणून विचारतात. याच यादीत आता ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ असाही दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यांनी तोही वाचून पाहावा.