लिफ्टर उडतो हवेच्या झोतावर

बाल्सा लाकडाच्या काड्यांचा तिकोनी सांगाडा, त्यावर गुंडाळलेली ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी आणि तिच्या वर सुमारे ३ सेंटिमीटरवर ताणलेली केसासारखी बारीक तार. हौशी प्रयोगकर्ते याला ‘लिफ्टर’ म्हणतात. तार आणि पट्टी यांच्यात २० ते ३० हजार व्होल्टचा दाब दिला, की काही ग्रॅमचा हा सांगाडा पंख्याशिवाय वर उठतो.

तारेजवळच्या हवेत आयन (विद्युतभारित कण) तयार होतात आणि पट्टीकडे धाव घेतात. लातूरच्या बसस्थानकात नांदेडची एसटी लागली, की दाराकडे धावणारे चार जण वाटेतल्या गर्दीलाही रेटत नेतात. तसेच हे आयन हवेच्या साध्या रेणूंना खाली ढकलतात. झोत खाली जातो, म्हणून लिफ्टर वर जातो.

यात गुरुत्वाकर्षण नाहीसे होते, असा समज पसरलेला आहे. काहीच फिरताना दिसत नसल्याने तसे वाटणे साहजिक आहे. पण निर्वात पात्रात लिफ्टर उठत नाही. त्याला हवा लागतेच. २०१८ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी याच तत्त्वावर सुमारे अडीच किलोचे विमान ६० मीटर उडवले, तेही हवेतच. इस्रोच्या जीसॅट-९ (२०१७) उपग्रहावरील विद्युत प्रणोदन (विजेच्या बळावर रेटा देणारी यंत्रणा) मात्र, अवकाशात हवा नसल्याने, सोबत नेलेला झेनॉन वायू बाहेर फेकते.

विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग करायचा झाल्यास जाणकार शिक्षक शेजारी असावेतच. एवढ्या व्होल्टसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या टीव्हीच्या उच्चदाबाच्या भागात स्विच बंद केल्यावरही वीज साठून राहते आणि तिचा धक्का जिवावर बेतू शकतो.