फिरतीवरच्या माणसाचा खेळाचा लॅपटॉप

आमच्या एकत्र कुटुंबांत गेल्या दिवाळीस एका खरेदीवरून बराच वाद झाला. ज्या घरांतील तरुण मंडळी नोकरीनिमित्त फिरतीवर असतात, तेथें तो आज ना उद्यां होणारच; म्हणून त्याची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों.

आमचा धाकटा पुतण्या पेठ येथें शिक्षक आहे. दर शनिवारीं एस. टी.नें नाशिकास यावयाचें व सोमवारीं पहांटे परत जावयाचें, हा त्याचा क्रम. अंतर सुमारें ५५ किलोमीटर. पण वाटेंत सावळघाट व कोटंबीचा घाट, आणि पावसाळ्यांत धुकें व संततधार. त्याचा पहिला लॅपटॉप दुसऱ्याच पावसाळ्यांत निकामी झाला. पडद्याची बिजागरी उखडली आणि तिच्याबरोबर कवचाचा कोपराहि आला. नव्यासाठीं त्यानें खेळाचा लॅपटॉप मागितला, तेव्हां आमचे थोरले बंधु संतापले. “खेळण्याकरितां लाखभर रुपये?” वहिनींनीं मात्र शांतपणें सांगितलें कीं, परदेशीं असलेला थोरला मुलगा व हा, दोघे रविवारीं रात्रीं एकत्र खेळतात, आणि खेळतां खेळतां तासभर बोलतात, एरव्हीं फोनवर दोन वाक्यांत आटोपतें. यावर दादांस उत्तर सुचलें नाहीं. वस्तु कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न उरला.

पहिला मोह सोळा इंची पडद्याचा. पण असें यंत्र बहुधा सव्वादोन ते पावणेतीन किलो भरतें. शिवाय त्याच्या अडॅप्टरचें ओझें निराळें, आणि तें जाहिरातींत सांगत नाहींत. चौदा इंचांचें यंत्र दीड ते पावणेदोन किलोंत बसतें. २०२० सालीं असूसनें झेफिरस जी-१४ आणला, तेव्हांपासून एवढ्या लहान देहांतहि चांगलें चित्रयंत्र मावतें, हें सर्वांस पटलें. मात्र या चित्रयंत्राच्या नांवावर भुलूं नये. तेंच नांव असलेली चिप एका लॅपटॉपांत कमी वॅटवर व दुसऱ्यांत जास्त वॅटवर चालते, आणि खेळाची गति त्यावर ठरते. तो आंकडा दुकानदारास विचारावा. त्यास ठाऊक नसेल तर कंपनीच्या पत्रकांत पाहावा.

मजबुतीविषयीं ‘मिल-एसटीडी-८१०एच’ हीं अक्षरें पुष्कळ ठिकाणीं दिसतात. हें अमेरिकेच्या संरक्षण खात्याचें २०१९ चें चाचणीपत्रक आहे. त्यांत धक्का, कंप, उष्णता, दमटपणा इत्यादि अनेक प्रकार आहेत. पण त्यांतील कोणते घ्यावयाचे हें सामान्यतः कंपनीच ठरविते, आणि कोणतें सरकार त्यावर शिक्का मारीत नाहीं. असूसच्या टफ मालिकेवर हा उल्लेख असतो. त्याचा अर्थ एवढाच कीं, कांहीं परीक्षा झाल्या आहेत. घाटांतून बसच्या फळीवर आपटण्याचें अभय कोणी दिलेलें नाहीं! आम्हीं याहून साधी कसोटी लावली. पडदा एका कोपऱ्यास धरून हळूच उघडला. तो पिळवटतो कीं काय, बिजागरीपाशीं प्लॅस्टिक करकरतें कीं काय, हें पाहिलें. दोन यंत्रें तेथेंच बाद झालीं.

विजेची बाब आम्हांस सर्वांत उशिरां कळली. यांतील कित्येक अडॅप्टरांस सोळा अँपिअरचा जाड पिनांचा प्लग असतो. तो पेठच्या भाड्याच्या खोलींतील नेहमींच्या सॉकेटांत शिरेना. योग्य जोडपिन लागते, व ती चांगल्या प्रतीची लागते. टाइप-सी तोंडांतून चार्ज होणारें यंत्र असल्यास प्रवासांत लहान चार्जर पुरतो. २०२१ पासून या तोंडाची मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढली असली, तरी पुष्कळ खेळाचे लॅपटॉप त्यांतून १०० वॅटच्या आसपासच घेतात. लिहिण्यावाचण्यास तेवढे बस्स, खेळास नव्हे. बॅटरीवर खेळण्याची आशा तर धरूंच नये; तेव्हां चिप पूर्ण बळानें चालत नाहीं, आणि तास-दीड तासांत सारें आटोपतें. विमानानें जाणाऱ्यांनीं १०० वॅट-तास ही मर्यादा लक्षांत ठेवावी. त्याहून मोठ्या बॅटरीस विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणूनच मोठ्या लॅपटॉपांत ९९ वॅट-तासांची बॅटरी दिसते. सुटी बॅटरी व पॉवर बँक हातच्या पिशवींतच न्यावी.

पुतण्यानें अखेर चौदा इंची यंत्र घेतलें. पैसे देण्यापूर्वीं त्यानें कंपनीस पेठचा पिनकोड सांगून घरपोंच दुरुस्ती तेथें मिळते काय, असें विचारलें. उत्तर नाशिकपुरतेंच आलें. तेव्हां त्यानें नाशिकचा पत्ता नोंदविला. आतां पिशवींत ठेवण्यापूर्वीं तो यंत्र पूर्ण बंद करतो. नुसतें झांकण मिटल्यास तें कधीं कधीं आंतल्या आंत जागें होऊन तापतें. वातानुकूलित गाडींतून दमट हवेंत उतरल्यावर अर्धा तास तें पिशवींतच राहूं देतो. आणि अडॅप्टर निराळ्या कप्प्यांत ठेवतो. कारण पहिल्या यंत्राचा कोपरा मोडला तो घाटामुळें नव्हे, तर त्याच पिशवींतल्या अडॅप्टराच्या ओझ्यामुळें, असें दुरुस्ती करणाऱ्यानें आम्हांस सांगितलें होतें.