ओळख मोजमापाची, लेखांक 7 : पटणारा खोटा आकडा

हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती आहे, हे मोजून मगच पिकं ठरतात. उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरला तर तिथे बंदीच आहे. जिथे आकड्यावर पेरणी ठरते, तिथे उद्या बाष्पीभवनाच्या हिशेबासाठी तापमान मोजायला सेन्सर बसवला, तर तो बंद पडण्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. बंद पडलेलं लगेच कळतं. घात करतं ते ऐन पावसाळ्यात निमूटपणे 28 अंश दाखवत राहणारं सर्किट.

ते असं घडतं. पीटी-100 हा प्लॅटिनमचा सेन्सर शून्य अंशाला 100 ओम असतो आणि दर अंशाला साधारण 0.385 ओम वाढतो. त्यातून 1 मिलिअँपिअर करंट सोडला, शेजारी 100 ओमच्या रेझिस्टरमधूनही तेवढाच, आणि दोन्हींची खालची टोकं ग्राउंडला जोडली. 30 अंशांना दोन्हींतला फरक 11.7 मिलिव्होल्ट येतो. एडी-620 या इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायरने तो 100 पट केला की 1.17 व्होल्ट मिळायला हवेत. मल्टिमीटर दोन इनपुटांमध्ये लावला तर फरक बरोबर दिसतो, आउटपुट मात्र हलत नाही. दोष चिपवर जातो, नवी चिप येते, आणि तीही तशीच वागते.

कारण मल्टिमीटर चुकीच्या जागी लावलेला आहे. प्रत्येक इनपुट ग्राउंडपासून मोजून पाहा: दोन्हीकडे जेमतेम 0.1 व्होल्ट. 5 व्होल्टच्या एकेरी पुरवठ्यावर या चिपला इनपुट किमान 1.9 व्होल्ट उंचीवर लागतात. शिवाय तिचं आउटपुट सुमारे 1.1 व्होल्टच्या खाली जाण्याची खात्री नसते. ते तिथेच अडकलं, तर 1.1 व्होल्ट म्हणजे आपल्या गणितात 28 अंश! पौषातल्या पहाटेही 28 दिसले, तरच कुणाला शंका येणार.

यावर कुणी म्हणेल, प्रोग्राममध्ये दुरुस्ती करून घेऊ. पण वजाबाकीने सरकलेला आकडा जागेवर येतो, अडकलेला येत नाही. त्यात तापमानाची माहितीच उरलेली नसते. मग सरळ डिजिटल सेन्सर का नको? अर्ध्या अंशाची चूक चालत असेल तर जरूर घ्या, एवढ्या खटपटीची गरजच नाही. त्याहून बारीक मोजायचं असेल, तर मात्र दोन्ही खालची टोकं एकत्र करून 1.2 किलोओममधून ग्राउंडला न्या. दोन्ही करंट त्यातून गेले की इनपुट अडीच व्होल्टच्या आसपास चढतात. रेफरन्स पिनला 1.5 व्होल्ट द्या, पण बफरमधून; नुसत्या दोन रेझिस्टरांच्या विभाजकातून दिले तर चिपच्या आतला काटेकोर समतोल बिघडतो.

आता सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवल्यावर आउटपुट 1.5 व्होल्टजवळ यायला हवं आणि मुठीत धरल्यावर चढायला हवं. राहिली लांब वायर. दोन वायरींच्या जोडणीत एकूण 1 ओम जास्तीचा आला तरी वाचन 2.6 अंशांनी फुगतं. तिसरी वायर तो कसा वजा करते, ते पुढच्या लेखांकात.