दारिद्र्यरेषेचे गणित

आर्थिक विधाने सांख्यिकी आणि गणिताच्या साहाय्याने आकड्यांवर तपासून पाहणाऱ्या ज्ञानशाखेला अर्थमिती म्हणतात. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेत या दृष्टीची पायाभरणी पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी केली. पुणे शहराच्या आणि वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाच्या पाहण्यांतून, धोरणाची चर्चा करण्याआधी घरोघरी जाऊन मोजले पाहिजे, हा दंडक तेथे रुजला.

त्याच परंपरेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये सांख्यिकीतज्ज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीने मोजक्या, पण शास्त्रशुद्ध रीतीने निवडलेल्या कुटुंबांकडून नोंदलेला उपभोग-खर्च हा त्याचा आधार होता. दरडोई खर्चानुसार कुटुंबांचे गट पाडून, ज्या गटाच्या आहारात माणशी दररोज सरासरी २,२५० उष्मांक पडतात, त्या गटाचा खर्च ही त्यांनी किमान पातळी, म्हणजेच दारिद्र्यरेषा, मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती खेड्यांत दरडोई वार्षिक १८० रुपये, तर शहरांत २७० रुपये भरली. आणि सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के शहरी जनता तिच्याखाली असल्याचा निष्कर्ष निघाला. जमिनीच्या फेरवाटपाने हा प्रश्न सुटणार नाही, त्यासाठी सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा लागेल, असे प्रतिपादन त्यांनी याच आधारावर केले.

या मोजमापाला सर्वांत मूलगामी आव्हान दिले ते सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी. २,२५० ही सरासरी गरज असून निरोगी माणसाचीही गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरासरीभोवतीच्या विखुरणीचे माप म्हणजे प्रमाण विचलन. त्याची दुप्पट सरासरीतून वजा करून येणारी मर्यादाच कुपोषणाची खूण मानावी, असे त्यांनी सुचवले. ही मर्यादा स्वीकारताच कुपोषितांची संख्या बरीच घटत असल्याने वाद तांत्रिक राहिला नाही, आणि दांडेकरांनीही त्याला लेखांतून उत्तर दिले.

पुढे २००९ मध्ये अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने उष्मांकांची ही कसोटी बाजूला ठेवून शिक्षण व आरोग्यावरील खर्चही रेषेच्या आखणीत विचारात घेतला. कोणत्या गरजा किमान समजायच्या, हे गणित ठरवत नाही. मात्र गृहीतके उघडपणे मांडली गेल्यामुळेच दांडेकर-रथांची रेषा खोडता आणि सुधारता आली.